कोर्टावर वाळलेला कापूस

परवा लेकीसाठी टेनिसच्या चेंडूंचा नवा डबा उघडला आणि त्या रबरी वासाने मला आमच्या तालुक्याच्या क्लबात नेऊन उभं केलं.

कापसाचं बीटी बियाणं तेव्हा नवं होतं. शाळामास्तर असलेल्या वडिलांनी आमच्या चार एकरांत ते पहिल्यांदाच लावलं होतं. कापसाची ट्रॉली खरेदी केंद्राच्या रांगेत असताना रात्री अवकाळी पाऊस झाला. ओला कापूस केंद्रावर घेत नसत. सकाळी ऊन पडलं, पण गावभर चिखल. कोरडं होतं फक्त क्लबचं सिमेंटचं कोर्ट, आणि तिथे दुपारी स्पर्धेची फायनल होती.

तिथे कापूस वाळवू द्याल का, असं वडिलांनी क्लबात भीतभीतच विचारलं. क्लबचे सेक्रेटरी हबीब वकील अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा फायनलला पोचले होते. त्यांनी आधी नेट सोडलं.

"पसरवा गुरुजी. पण चपला भाईर काढा, कोर्ट आहे थे!"

पांढऱ्या चड्ड्यांतले मेंबर दिवसभर आमच्यासोबत कापूस उलथत राहिले.

दुपारी अकोल्याहून आलेला प्रतिस्पर्धी म्हणाला, "वकीलसाहेब, मले पाचची एसटी पकडा लागते."

"मंग कप घेऊन जा ना."

"खेळल्याबिगर हारले तुम्ही!" एक मेंबर ओरडला. सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेबच हसले.

संध्याकाळी आमचा कापूस केंद्रावर घेतला गेला. तेव्हा मला तेवढंच दिसलं. वकीलसाहेबांना फायनल पुन्हा कधीच खेळायला मिळाली नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. पुढे ते कितीदा तरी आमच्याकडे चहाला आले, पण त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.