तिसऱ्या टाळीला पिस्तूल

माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: अमेरिकेतले जुने बंदूकबाज, त्यांच्या दंतकथा आणि त्यांचं खरं आयुष्य. शारजातल्या अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये या विषयातला माझ्याएवढा जाणकार दुसरा कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं.

माझं बालपणच या उद्योगात गेलं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावापासून तालुक्याची टॉकीज जवळ. तिथे गोऱ्या घोडेस्वारांचे पिक्चर लागायचे. दोघं भर रस्त्यात समोरासमोर उभे राहायचे आणि ज्याचा हात आधी चालेल तो जगायचा. मी आणि माझा चार वर्षांनी मोठा भाई उरुसातली टिकल्यांची पिस्तुलं चड्डीच्या नाडीत खोचून अंगणात तेच करायचो. तिसऱ्या टाळीला पिस्तूल काढायचं. मी कायम जिंकायचो. भाई छाती धरून धाडकन पडायचा.

पोरखेळाची ही फुशारकी मी अजून मारतो, त्याला कारण आहे. मी बावीस वर्षांचा असताना शारजाहून मामा व्हिसा घेऊन आले. एकच व्हिसा. अब्बांना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं, म्हणजे एकाने जायचं आणि एकाने त्यांच्या खाटेशी राहायचं. जायचं तर दोघांनाही होतं. मामा म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा." भाईने माळ्यावरून ती जुनी पिस्तुलं काढली. मामांनी टाळ्या वाजवल्या, मी जिंकलो आणि पंधरा दिवसांत विमानात बसलो. तीस वर्षं मी इथे ज्याला त्याला ऐकवत आलोय, की मला कोणी काही दिलेलं नाही; माझा हात चालला म्हणून नशीब चाललं.

तर त्या संध्याकाळी मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. महिनाभरासाठी आमच्याकडे आलेला भाई सोफ्यावर दुखरा गुडघा चोळत होता. मी शिकवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला तिने मला थांबवलं.

"अब्बा, दॅट्स मोस्टली अ मिथ."

मी चाटच पडलो. ती वाचत गेली. तशा समोरासमोरच्या लढती क्वचितच व्हायच्या. कित्येक गावांत शिरतानाच बंदूक जमा करावी लागे. नावाजलेल्यांपैकी काही जण पाठीत गोळी लागून मेले, पत्ते खेळता खेळता मेले. दारूच्या नशेत चार पावलांवरूनही नेम चुकत. घाईघाईने बंदूक उपसताना स्वतःच्याच पायात गोळी घालून घेणारेही होते! आणि हात भरभर चालवणाऱ्यापेक्षा शांतपणे नेम धरणारा जास्त टिकायचा.

"पाठीत?" मी ओरडलोच. "अगं, मग मर्दानगी कुठे गेली?" मला खरंच राग आला होता. कोणी माझ्या घरच्या माणसावर आळ घ्यावा तसं वाटत होतं. "ठेव तो लॅपटॉप. हातच्या कांकणाला आरसा कशाला? भाई, ऊठ. यल्ला, चल!"

टीव्हीचा रिमोट माझ्या पट्ट्यात, एसीचा त्याच्या. मुलीने प्रोजेक्टसाठी फोन स्लो मोशनवर लावून टेबलावर टेकवला आणि टाळ्या वाजवल्या. तीनदा खेळलो. तिन्ही वेळा मी जिंकलो. भाई तिन्ही वेळा गुडघा सांभाळत सोफ्यावर मरून पडला.

मग तिने व्हिडिओ टीव्हीवर लावला. आधी मला काही उमगेनाच. तिसरी टाळी वाजली, माझा हात अजून हवेतच होता, आणि भाईचा रिमोट पट्ट्याबाहेर आलेला होता. बाहेर येऊन तो तिथेच थांबला. भाईची नजर माझ्या हातावर होती. माझा रिमोट वर आला, मग भाईने आपला उचलला, आणि स्वतः सोफ्यावर पडला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच.

"चाचा, व्हाय डिड यू स्टॉप?" मुलगी खिदळत होती. "अब्बा, यू आर डेड. थ्री टाइम्स!"

मी इकडे आल्यावर माझे अब्बा आणखी अकरा वर्षं खाटेवर होते. अकरा वर्षं भाईने त्यांना उचललं, पुसलं, भरवलं. मी दोन वर्षांतून एकदा अत्तराच्या बाटल्या घेऊन जायचो आणि अंगणात खुर्ची टाकून तो व्हिसाचा किस्सा लोकांना रंगवून सांगायचो. भाईच्या देखत. तो सगळ्यांना चहा आणून द्यायचा आणि सगळ्यांबरोबर हसायचा.

"भाई," मी म्हणालो. "मामा आले होते, त्या दिवशी?"

त्याने पट्ट्यातला रिमोट काढला आणि एसी जरा कमी केला. गार हवा त्याच्या गुडघ्याला सोसत नाही.

"त्या दिवशी तू फारच हळू होतास रे," तो म्हणाला. "किती थांबायला लागलं मला."