पाणी कुणाला द्यायचं

मंदाच्या नवऱ्याचा, अशोकरावांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, मंदा गेली," एवढंच म्हणाले. महिना होऊन गेला त्याला.

मंदा आणि मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये, शेजारी शेजारी बसायचो. ती पिशोरच्या शेतकरी घरातली. बोलणं तुटक, हसणं मोठं. शहर तेव्हा गारखेड्याकडं झपाट्यानं पसरत होतं, जिकडं बघावं तिकडं नवे बंगले उठत होते. अशात मंदानं नोकरी सोडली आणि तिथला एक मोकळा प्लॉट भाड्यानं घेऊन नर्सरी टाकली. "चल माझ्यासंगं," मला म्हणाली, "तू गिऱ्हाईक बघ, मी झाडं बघते. किती दिवस दुसऱ्याचे नटबोल्ट मोजायचे?" मी गेले नाही. मला पहिल्या तारखेचा पगार हवा होता. तिनं राग धरला नाही. उलट माझ्या बाल्कनीत मोगऱ्याची कुंडी आणून ठेवली. पुढची काही वर्षं तिची चांगली गेली. नव्या घरांची माणसं जास्वंद, कर्दळ, नारळाची रोपं न्यायला यायची. मातीनं भरलेले हात कमरेवर ठेवून ती भाव सांगायची, तेव्हा साहेबासमोर खाली मान घालणारी मंदा ती हीच, हे खरं वाटत नसे.

मग लागोपाठ दुष्काळ पडला. नळाला आठवडा आठवडा पाणी येईना. नर्सरीच्या बोअरला मात्र थोडं होतं. आधी शेजारची एक बाई हंडा घेऊन आली, मग सगळी गल्लीच आली. मंदानं कुणाला नाही म्हटलं नाही. अशोकराव चिडले, "आन् झाडायला काय पाजशील?"

"झाडं पुन्हा लावता येतेत," ती म्हणाली. "दारात हंडा घेऊन उभ्या बाईला काय सांगू, माझा गुलाब तहानलाय म्हणून?"

ऐन मे महिन्यात बोअर आटला. रोपं जागच्या जागी वाळली. आणि पाणी नेणाऱ्या बायांतलीच एक फाटकापाशी उभी राहून म्हणाली, "हिनं झाडायसाठी लई उपसलं, म्हणून गेलं पाणी." मंदा रिकाम्या कुंड्या एकात एक रचत राहिली...

कारखान्यानं तिला परत घेतलं नाही. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात बागेची देखरेख मिळाली, ती तिनं धरली. दुष्काळ सरला नव्हता, पण तिथल्या हिरवळीवर रोज टँकर रिकामा व्हायचा, आणि कुंपणाबाहेर बाया घागरी घेऊन बघत उभ्या असायच्या. मंदानं मॅनेजरला विनवून पाहिलं, गवत वाळू द्या थोडं. तो म्हणाला, "मॅडम, पाहुणे लेणी बघायला येतात, वाळलेलं गवत बघायला नाही."

"माझ्या सहीनं येतो गं तो टँकर," ती एकदा मला म्हणाली. "नर्सरी बुडाली, पण पाणी कुणाला द्यायचं ते माझ्या हातात व्हतं. हितं पगार हाय, ते नाय."

"मग सोड की."

"आन् पोरीचं शिक्षण?"

पुढं पाऊस झाला, पोरगी शिकून लग्न होऊन गेली. पण नर्सरीच्या जागी इमारत उभी राहिली होती. अशोकराव म्हणाले, दुसरी जागा बघू. "राहू द्या," ती म्हणाली, "आता माझ्याच्यानं होत नाय." छातीत दुखायचं, ते सीझन संपेपर्यंत अंगावर काढायचं ठरवलं होतं तिनं. यंदाच्या हिवाळ्यात, पर्यटकांच्या ऐन गर्दीत, ती त्या हिरवळीवरच कोसळली. हॉटेलातून मोठं पुष्पचक्र आलं होतं...

परवा मी अशोकरावांकडे गेले. घरात एकही झाड नाही. नर्सरी गेल्यापासून तिनं ठेवलंच नव्हतं. अशोकराव स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. धुतलेलं पाणी त्यांनी पातेल्यात काढून ठेवलं. मी ते सिंकमध्ये ओतायला उचललं, तर म्हणाले, "नका ताई. मंदा ते खाली फाटकाजवळच्या कडुलिंबाला घालायची. रोज."

लिफ्ट बंद होती. एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात पातेलं सांभाळत, ते एकेक पायरी उतरायला लागले.