नारळाआधीची शिट्टी

"मॅडम, तुमच्या लोकायच्या पोरी उन्हातच वाढल्या. जराशा थांबल्या तं काय विरघळून जातेत?"

आमच्या संस्थेचे अध्यक्ष हे माइकवर बोलले. तुमचे लोक म्हणजे कोण, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मंडप हसला. मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं.

मालेगावजवळच्या त्या छोट्या कॉलेजात मी खेळ शिकवायचे. तासिकेवर. दरवर्षी अध्यक्षांची मर्जी, मग नेमणूक. कॉलेजला धड मैदान नाही, म्हणून मी क्रॉसकंट्री, म्हणजे रानातली लांब शर्यत, धरली. मागची पांदण, म्हणजे शेतांमधली सरकारी वाट, सोयाबीन निघालेली वावरं आणि एक नाला. दहा किलोमीटरची वाट मी पायी मोजली. पोरींना घेऊन धसकटं उपटली. गेल्या वर्षी विद्यापीठाची स्पर्धा आमच्याकडे आली तेव्हा रेषांची चुन्याची फक्कीही मीच टाकली.

शर्यत सातची होती. पण पाहुण्यांच्या हातून नारळ फुटल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, ही आमच्याकडची रीत. पोरी अंग मोकळं करून रेषेवर उभ्या. आठ वाजले. नऊ वाजले. मी अध्यक्षांजवळ जाऊन हळूच विचारलं, ऊन वाढतंय, सुरू करू का? त्याचं उत्तर मला माइकवरून मिळालं.

पाहुणे साडेदहाला आले. नारळ फुटला, फोटो निघाले. मग मी शिट्टी वाजवली.

माझी विद्यार्थिनी वैशाली सगळ्यांच्या पुढे होती. रिठद गावची, मजुरांची पोर. विद्यापीठाच्या संघात तिची जागा ठरल्यासारखीच होती. आठव्या किलोमीटरला ती नाल्याच्या काठावर कोसळली. तीन दिवस सलाईन. तिच्या आईने दवाखान्यात मला विचारलं. आवाज न चढवता.

"मॅडम, शिट्टी तं तुमच्याच गळ्यात व्हती. मंग तुमी कायले थांबल्या?"

माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली तासन्‌तास ताटकळायचा. मला त्याची लाज वाटायची. मी एम.पी.एड. झाले, आणि त्याच ओट्याखाली पोरी नेऊन उभ्या केल्या.

वैशाली कॉलेजात परत आली नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

यंदा स्पर्धा पुन्हा आमच्याकडेच. सातला पाच कमी असताना प्राचार्य धापा टाकत आले. पाहुणे पोहरादेवीला दर्शनाला थांबलेत, थोडं थांबा म्हणाले. मी रेषेजवळ जाऊन उभी राहिले. घड्याळात सात वाजले. मी शिट्टी वाजवली.

अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा साडेनऊ झाले होते. पोरी सावलीत बसून केळी खात होत्या. एकही पडली नव्हती. नारळ ताटात तसाच होता.

"कोणाले इचारून सुरू केलं?"

"सात वाजले व्हते."

"उद्यापासून येऊ नका तुमी."

नोकरी गेली. काही बिघडलं नाही असं म्हणणार नाही, घर माझ्यावरच चालायचं. पण पांदण कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. रोज सकाळी तिथे आठ पोरी पळायला येतात. मी त्यांच्या आधी पोचते. गळ्यात तीच शिट्टी असते. आता ती कोणाच्याही नारळासाठी थांबणार नाही.