आप्पांची गाडी आणि आमचे मेहुणे

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांइतका गबाळा माणूस तंजावुरापासून कुंभकोणमपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही, आणि तरीही बंद पडलेलं प्रत्येक यंत्र त्यांच्याच हाताला वश होतं, हा अन्याय मला अजून पचलेला नाही. कुंभकोणमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवतात आणि आमच्याकडे येताना हमखास चुकीच्या बसमध्ये बसतात. चष्मा फ्रिजमध्ये विसरतात. एका लग्नात तर भलत्याच मंडपात जेवून, तिथल्या वरमाईला आशीर्वाद देऊन आले. पण मिक्सर असो की पाण्याचा पंप, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यावर दुमडून ते समोर बसले की आधी वास घेणार, मग डोळे मिटणार, मग कॉफी मागणार, आणि कॉफी संपायच्या आत यंत्र सुरू. "त्याला बोलू द्यावं, अक्का," असं मला वर ऐकवणार.

मी यंत्रांना बोलू देत नाही, मी याद्या करते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीची वही मी वर्षानुवर्षं ठेवली आहे. ऑइल कधी बदललं, टायर कधी, सगळं तारीखवार. तरी गाडी जरा कुरकुरली की आप्पा म्हणायचे, जावयांना फोन कर. घरात बसलेली थोरली लेक त्यांना दिसायचीच नाही.

दोन वर्षांपूर्वी गाडीला नवंच दुखणं लागलं. घरून झकास निघायची, आणि अर्ध्या तासाने तिरुवैयारूच्या पुढे आचके देऊन बंद पडायची. कालव्याकाठी थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू. मी पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, नळी बदलली, पंप नवा बसवला आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. त्यानंतरही गाडी थांबली तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "तुझ्याच्यानं होत नाही. जावयांकडे जाऊ दे गाडी." गाडी गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. ते पहिलं वाक्य गिळवेना.

मेहुणे आले. आप्पांना घरी ठेवून आम्ही दोघं निघालो आणि नेमक्या त्याच ठिकाणी गाडी थांबली. मी वही उघडून वाचायला लागले. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीनं स्स् करून मोठा श्वास आत ओढला. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. त्यातून टाकीत हवा जाते आणि पेट्रोल पुढे सरकतं. ते भोक पिवळसर काहीतरी वाळून गच्च बुजलं होतं. त्यांनी माझ्या पदराची सेफ्टी पिन मागितली, भोक कोरलं आणि वास घेतला.

"चंदन आहे, अक्का."

नवरात्रातल्या आयुधपूजेला गाडीला चंदन-कुंकू मीच लावते. स्टिअरिंग, चारी चाकं, बॉनेट, दिवे. आणि त्या वर्षी काही राहून जायला नको म्हणून टाकीचं झाकणही, चांगलं ठसठशीत. बिघाडाच्या यादीत झाकण नव्हतं, कारण ते पूजेच्या यादीत होतं.

घरी आलो तर आप्पा दारातच उभे होते. काय झालं होतं, म्हणून त्यांनी जावयांना विचारलं.

"टाकीला हवा मिळत नव्हती. अक्कानंच शोधलं. मी नुसता शेजारी बसलो होतो."

आप्पांनी जावयांच्या हातातली किल्ली घेतली आणि माझ्या हातात ठेवली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेहुण्यांनी कॉफी मागितली.

आप्पा गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे, आमच्या थोरलीनं जे ओळखलं ते जावयांनाही जमलं नाही. मेहुणे समोर बसून मान डोलवायचे. त्यांचा हेवा मला पूर्वी वाटायचा त्याहून आता जास्त वाटतो. त्यांच्या जागी मी असते, तर चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून मोकळी झाले असते.