सरांची मिशी तेवढी राहिली

अक्कांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. मी आधी ती उलटी तर धरली नाही ना, हे तपासलं. चित्रात मिशी होती, चष्म्याची एक काडी होती. बाकी सर नव्हते!

सर म्हणजे धुळ्याला मला चित्रकला शिकवणारे. अक्का त्यांच्या पत्नी. मी जळगावच्या शाळेत ड्रॉइंग टीचर, आणि माझा स्टुडिओ म्हणजे ताडपत्री लावलेली गॅलरी. आयुष्यात एकच पोर्ट्रेट मनासारखं उतरलं. सरांना समोर बसवून केलेलं, सॉफ्ट पेस्टलमध्ये. हा रंग म्हणजे कागदावर टेकलेली भुकटी. बोट लागलं तरी निघते, म्हणून वर काच हवीच. मी काच लावूनच नेलं होतं. सर कडाडले, "काढ ती! काचेत मी दिसत नाही, खिडकी दिसते." काढली. सरांपुढे कोण बोलणार?

सर गेले. आता आम्ही जुने विद्यार्थी धुळ्यात प्रदर्शन भरवत होतो. दारातलं पहिलं चित्र हेच ठरलं होतं.

"रोज पुसस मी," अक्का कौतुकाने म्हणाल्या. "वल्लं फडकं, मंग गंध. धूळ बसू देस नही."

गेलेल्या माणसाच्या फोटोला घरोघरी हेच करतात. फक्त फोटोवर काच असते.

माझा चेहरा बघून त्या वरमल्या. "फिकं पडनं का रे भाऊ?"

"थोडंसं. टच-अप करून आणतो."

"कर. तुले तं यास्ना चेहरा पाठ शे."

मलाही तसंच वाटत होतं. गॅलरीत बसलो, डोळे काढले. कागदावर आमच्या गावचे तहसीलदार दिसू लागले. पुसले, पुन्हा काढले. या खेपेला सरांचा धाकटा भाऊ आला. फोटो मागवले, तर प्रत्येकात चष्म्यावर फ्लॅश. शेवटी सगळं पुसून मिशी आणि काडी तेवढी ठेवली, वर काच बसवली आणि चित्र दारात टांगलं.

"वा! अ‍ॅब्स्ट्रॅक्ट!" एक पाहुणे म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

मग अक्का आल्या. सवयीने पदराने काच पुसली, जवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं.

"आते तं खिडकीच दिखस रे," म्हणाल्या.

पेस्टलला पहिल्याच दिवशी काच लावावी. सर कितीही ओरडले तरी.