टकलू अस्वलाला केस आले

आमच्या गल्लीत तिला सगळे अस्वलमावशी म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. मुलगी जेवताना घर डोक्यावर घ्यायची, म्हणून मावशी शर्टाच्या खोक्यांतल्या पुठ्ठ्यांवर प्राणी काढून तिला दाखवू लागली. मुलगी काही जेवली नाही, पण चित्रांची गोडी मावशीलाच लागली. त्यातूनच तिची मुलांसाठीची चित्रपुस्तकं झाली.

स्वयंपाकघरातलं टेबल हाच तिचा कारखाना. ब्रश बुडवायचं पाणी ती चहाच्या कपात ठेवायची. एकदा तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, पेपर वाचता वाचता त्याचा मोठा घोट घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "आज साखर विसरलीस वाटतं."

तिचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक कंगवे विकत फिरणाऱ्या टकलू अस्वलाचं. त्यातले प्राणी तिने गल्लीतूनच उचलले. मान लांब करून सुई ओवणारे शिंपीकाका करकोचा झाले, सदा घाईत असलेली नर्सताई ससा झाली आणि कोपऱ्यावरचा धिप्पाड न्हावी झाला अस्वल. पुस्तक आल्यावर हाताने रंगवलेली मूळ चित्रं तिने ज्याची त्याला देऊन टाकली.

पुढे पुस्तक बाजारात मिळेनासं झालं. यंदा प्रकाशनाच्या नव्या संपादकबाईंचा फोन आला. "मावशी, पुस्तक पुन्हा काढायचंय. जुन्या छपाईचं आमच्याकडे काहीच उरलं नाही. मूळ चित्रं लागतील."

"ती मी वाटून टाकली."

"वाटून? म्हणजे?"

"खाऊ वाटतात ना, तशी."

"मग आता गोळा करा!"

मग मावशी लेकीला घेऊन चित्रं गोळा करायला निघाली. करकोचा शिंपीकाकांच्या मशीनच्या वर भिंतीला होता, चांगला ठणठणीत. नर्सताईने चुरगळू नये म्हणून ससा गादीखाली ठेवला होता. इतकी वर्षं त्याच्यावर झोपून तिने त्याला नुसती इस्त्री केली होती. राहिलं शेवटच्या पानावरचं अस्वल. ते न्हाव्याच्या दुकानात, आरशाच्या वर, चौकटीत बसलेलं. मावशीने चष्मा लावला आणि बघतच राहिली. अस्वलाच्या डोक्यावर काळेभोर कुरळे केस!

"हे काय रे?"

न्हाव्याने कात्री खाली ठेवली. "मावशी, रागावू नका. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की समोर टकलू अस्वल. प्रत्येक जण विचारायचा, 'याचे तूच कापलेस का?' पोटापाण्याचा प्रश्न होता हो! शेवटी कलप लावला."

"केसांचा कलप?" लेक कडाडली. "आता हा जन्मात निघायचा नाही!"

मावशीने चित्र खाली उतरवून घेतलं आणि नाक लावून बघितलं. प्रत्येक बट वळणदार, टाळूवर भोवरासुद्धा जागच्या जागी. ती हसायला लागली. तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईकही हसलं आणि फेस आरशावर उडाला.

"अरे, माझ्याच्याने असे केस जमले नसते," ती म्हणाली.

घरी येऊन तिने चित्राला हात लावला नाही, गोष्टच बदलली. आधी अस्वल सगळे कंगवे विकून घरी जायचं, बस्स. आता ते एक कंगवा मागे ठेवतं. 'का? बघा की त्याच्या डोक्याकडे!' एवढंच शेवटचं वाक्य. संपादकबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे आधीपेक्षा झकास झालंय."

नव्या पुस्तकात मावशीच्या नावाखाली एक ओळ छापून आली: 'अस्वलाचे केस: कोपऱ्यावरचे न्हावी'. ती ओळ बघून न्हावी दुकान उघडं टाकून घरी बायकोला दाखवायला पळाला. हल्ली केस कापताना रडणारी पोरं 'अस्वलासारखे हवेत' म्हणून त्याच्यापुढे गुमान बसतात. चित्रं आपापल्या घरी परत गेली.

मावशीने आता पाणघोड्याचं पुस्तक करायला घेतलंय. कोणाला बघून काढणार, ते ती सांगत नाही. त्यामुळे सध्या गल्लीतले सगळे तिच्या दारावरून पोट आत घेऊन जातात.