पेल्यावरचं पूर्ण वर्ष

लग्नाच्या भांड्यांवर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे घालायचे, हा अण्णाच्या दुकानाचा नेम होता. नाव, नावाच्या आधी बापाचं नाहीतर नवऱ्याचं इनिशियल, तारीख, महिना आणि दोन आकडे. पूर्ण वर्ष फक्त एका जातीच्या भांड्यांवर जाई. कुणी वारलं की तेराव्याला नातेवाइकांत वाटायच्या पेल्यांवर. 'यांच्या स्मरणार्थ', आणि खाली सगळे चार आकडे. मद्रासमधल्या आमच्या तिरुवल्लिकेणीतल्या गिऱ्हाइकांना हे सांगावं लागत नसे.

अण्णा माझा थोरला भाऊ. स्टीलच्या भांड्यांचं ते दुकान त्याचं होतं, आणि मागच्या दोन खोल्यांत तो आणि वैनी राहत. मी पलीकडच्या गल्लीत, एकट्या पुरुषांच्या मॅन्शनमध्ये खोली घेऊन राहायचो आणि जेवायला वैनीकडे जायचो. आमचं घराणं तंजावरचं. घरात आमचं ते जुनं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

सत्तरच्या दशकात मी एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो. मद्रासमध्ये तेव्हा हा शब्द सांगितला की लोक पुन्हा विचारत. आम्ही पेन्सिलीनं कागदावर प्रोग्रॅम लिहायचो, आत बसलेल्या मुली तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या, आणि कार्डांचा गठ्ठा यंत्रात जायचा. एका कार्डावर ऐंशी घरं. त्यात वर्षाला चार घरं देणं परवडत नसे, म्हणून वर्षाचे पहिले दोन आकडे, एक आणि नऊ, आम्ही गाळायचो. हे अण्णाला सांगितलं तेव्हा तो कोरायचं यंत्र थांबवून हसला होता.

"म्हणजे तुम्हीपण लग्नाचीच भांडी कोरता म्हणा की."

मग कार्डं गेली आणि कॉम्प्युटरचे पडदे आले. आता पडद्यासमोर बसून, चालू यंत्रात थेट लिहायचं. मला ते जमेना. कागदावर मी धीमा होतो, पण पक्का होतो. पडद्यापुढे बसलो की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं आणि बोटं थिजायची. नवी मुलं भराभर पुढे गेली. शेवटी साहेबांनी बोलावलं, दार लावून घेतलं आणि सौम्यपणे म्हणाले, दुसरीकडे कुठे बघा, कागदोपत्री राजीनामाच दाखवू. मी कुणाला सांगितलं नाही. अण्णालाही नाही.

त्याच सुमारास अण्णा दुकानातच कोसळला आणि गेला.

तेराव्याला मागच्या खोलीत सगळे बसले होते. दुकानाचं काय करायचं ते चाललं होतं. वैनी शिकलेल्या होत्या, लग्नाआधी गणित शिकवायच्या. त्यांच्या बहिणीनं तंजावरच्या एका शाळेत त्यांच्यासाठी शब्द टाकला होता, आणि कोपऱ्यात त्यांची ट्रंक भरून तयार होती. तेवढ्यात मी म्हणालो, "मी बसतो दुकानात."

एवढंच म्हणालो. पुढचं सगळं आमचे मामा बोलले. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "बघा रे. कॉम्प्युटरची नोकरी सोडतोय पोरगा. भावासाठी, भावजयीसाठी."

मी मान खाली घातली. लोकांनी तिचा अर्थ त्यांना हवा तसा लावला.

त्या दिवशी वैनींनी ट्रंक उघडली आणि लुगडी परत फळीवर ठेवली. बहीण समजावत राहिली. वैनी म्हणाल्या, "भाऊजी एवढं सोडून येतात आणि मी पाठ फिरवू? काय तोंडानं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बाहेर जाऊन बसलो.

त्यापुढची वर्षं मी नावं कोरली. लग्नाची, बारशाची, नव्या घराची. कोरायचं यंत्र अण्णाचंच होतं. त्याची सुई टिंब टिंब करत अक्षर काढते आणि स्टीलवर दात शिवशिवतील असा आवाज करते. त्यावर माझं पहिलं काम तेराव्याच्या आधीच झालं होतं, अण्णाच्याच स्मरणार्थाचे पेले. काही उरले, ते मी खोलीवर नेले. पुढे कधी दुपारी दुकान रिकामं असताना तो आवाज यायचा. मी बटणाकडे बघायचो, तर ते बंद असायचं. वैनी आतून विचारायच्या, "कोणाचं काम आहे?" मी म्हणायचो, कुणाचं नाही.

वैनी मला पहिलं वाढायच्या, सायीचं दही माझ्या पानात घालायच्या. तंजावरला सणालाही राहत नसत, भाऊजींच्या जेवणाचं काय म्हणून लगेच परत. मी लग्न केलं नाही, तेही लोकांनी माझ्या त्यागाच्या खात्यात टाकलं. खरं तर कुणी मुलगी सांगून आली की मला त्या ट्रंकेची आठवण यायची, आणि मी काहीतरी कारण काढायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक जुना सहकारी दुकानात आला. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला होता, आणि मला काउंटरमागे बघून खालीच बसला.

"तू इथे? आणि मी आपल्या त्या जुन्या कोबॉल भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे सगळ्या मद्रासभर शोधतोय. म्हणजे चेन्नईभर."

दोन हजार साल येत होतं. आम्ही गाळलेले आकडे आता जगभरच्या यंत्रांना हवे होते, नाहीतर शून्य-शून्य म्हणजे एकोणीसशे साल असंच ती धरणार होती. "आपल्याच पिढीचा कचरा आहे," तो म्हणाला, "आपणच काढायचा. आणि पडद्याला भिऊ नकोस आता. त्या वेळी तुला त्यांनी—"

वैनी ताक घेऊन बाहेर आल्या. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला उचलला. "ताक छान झालंय, अम्मा," म्हणाला.

मी नुंगंबाक्कमला त्याच्या ऑफिसात जाऊ लागलो. आधी काही आठवडे शिकायचं, मग काम. वैनींना सांगितलं की जॉर्ज टाउनात घाऊक मालाची बोलणी चालली आहेत, सकाळचं दुकान तुम्ही उघडा. संध्याकाळी येऊन मी नावं कोरायचो.

आणि या वेळी बोटं थिजली नाहीत. इतकी वर्षं मी अशा धातूवर लिहिलं होतं की चुकलं तर पुसता येत नाही. पडद्यावर तर सगळंच पुसता येत होतं. कुणीतरी केव्हातरी लिहिलेले प्रोग्रॅम उघडायचे, दोन आकडी वर्ष सापडलं की त्याला पूर्ण करायचं. मला ते आवडत होतं. दिवसभर आवडायचं, आणि बसमध्ये बसलो की त्याची लाज वाटायची. पडद्याच्या काळ्या काचेत माझा चेहरा दिसे. या वयात मी अण्णासारखा दिसू लागलो आहे. अक्षरांमागून तो बघतोय असं वाटलं की मी खुर्ची तिरकी करायचो.

अशातच एका नवरीचे डझनभर पेले कोरले. दुसऱ्या दिवशी रविवार. नवरीची आई पिशवी घेऊन आली आणि एकेक पेला काउंटरवर आपटत मांडला.

"हे काय घातलंय?"

मी वाचलं. नाव बरोबर, इनिशियल बरोबर, तारीख बरोबर. पुढे एक, नऊ, नऊ, आठ.

"माझ्या पोरीचं लग्न आहे हो. ती मेलेली नाही," ती म्हणाली. "घरात सासरची माणसं बसलीत. त्यांच्यापुढे उघडली मी ही पिशवी."

वैनी पुढे झाल्या. हात जोडले, नवे पेले काढून दिले आणि मला म्हणाल्या, आताच्या आता कोरा. बाई समोर बसून प्रत्येक आकडा बघत राहिली. जाताना म्हणाली, "तुमचे थोरले असते तर असं झालं नसतं."

दार अर्धं ओढून वैनी माझ्यासमोर बसल्या. मी कारण शोधत होतो. त्यांनीच ते दिलं.

"त्यांचा विचार करत होता ना, भाऊजी? हात आपोआप स्मरणार्थाचं वर्ष घालतो. माझंही होतं असं. पान वाढताना त्यांचं पान घेते." त्यांचे डोळे भरले होते. "तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्यांच्यासाठी केलंत तेवढं सख्खा मुलगा करत नाही."

पुन्हा तेच. मी मान खाली घालायची, की झालं. मामांच्या वेळीही एवढंच करावं लागलं होतं.

"वैनी," मी म्हणालो, "मी अण्णाचा विचार करत नव्हतो. मी ऑफिसात जातो. तिथे दिवसभर हेच करतो, पूर्ण वर्ष घालतो. तोच हात इथे चालला."

"कुठलं ऑफिस?"

मग सांगितलं. नुंगंबाक्कम सांगितलं, आणि एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तोंड उघडलंच होतं. साहेबांचं बंद दार सांगितलं. मी काहीही सोडून आलो नव्हतो, मला काढलं होतं, आणि अण्णा गेला तेव्हा मला लपायला जागा मिळाली, हे सांगितलं. तुमची ट्रंक दिसत होती, तरी मी बोललो नाही, हेही.

वैनी काउंटरवरचे परत आलेले पेले एकात एक घालू लागल्या. मग म्हणाल्या, "त्या शाळेनं जागा पुष्कळ दिवस रिकामी ठेवली होती. बहीण लिहायची. मी तुम्हाला दाखवलं नाही. म्हटलं, भाऊजींना वाईट वाटेल."

एवढंच. आत गेल्या. जेवायला बोलावलं, वाढलं. दही मधोमध ठेवलं.

काही दिवसांनी त्या बाहेर आल्या आणि फळीवरून एक पेला काढून माझ्यापुढे ठेवला. "यावर माझं नाव घाला."

घरातल्या प्रत्येक भांड्यावर अण्णाचं नाव होतं. त्यांचं एकावरही नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. मी यंत्र सुरू केलं. "अण्णाचंच इनिशियल ना?"

"नको. माझ्या वडलांचं घाला. सर्टिफिकेटावर आहे तसं."

मी कोरलं. अक्षरं सरळ आली.

"तारीख?"

"तारीख नको," त्या म्हणाल्या. "तारखांचं तुम्ही ऑफिसात बघा."

त्या तंजावरला बहिणीकडे गेल्या. शाळेत शिकवायचं वय आता निघून गेलं होतं. दुकान आम्ही शेजारच्या कापडवाल्याला दिलं. यंत्र मात्र दिलं नाही, ते माझ्या खोलीत खाटेखाली आहे. परत आलेले डझनभर पेलेही माझ्याकडेच आहेत. मी त्या अनोळखी नवरीच्या नावाच्या पेल्यातून पाणी पितो.

गेल्या पोंगलला तंजावरला जाऊन आलो. वैनी वाळल्या आहेत. बोलल्या, काम कसं चाललंय विचारलं, मी चाललंय म्हटलं. त्यांचा पेला फळीवर पालथा होता. नाव भिंतीकडे वळलेलं, पण मी कोरलेला पेला मी ओळखतो. त्या फळीपाशी गेल्या, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

त्यांनी शेजारचा पेला घेतला, बहिणीच्या नावाचा, आणि मला पाणी दिलं.